टपावरचे पाच दिवे

परवा बैहरच्या रस्त्यावर एका वऱ्हाडाच्या जीपनं आमच्या बसला मागं टाकलं. टपावर दिव्यांची रांग, प्रत्येक दिव्याला कागदी फुलांची माळ. दुपारचे तीन वाजलेले, ऊन असं की डोळे उघडवेनात, आणि ते सगळे दिवे लागलेले. बसमधले लोक खिडकीतून माना काढून बघायला लागले. माझ्या शेजारी मांडीवर कोंबडी घेऊन बसलेला गृहस्थ म्हणाला, "क्या बात है!" आणि माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. दुसऱ्याच्या जीपचे दिवे पाहून ज्याला लाज वाटते, असा माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात मी एकटाच असेन.

मी तसा कमी बोलणारा. कचेरीत मला मौनीबाबा म्हणतात. लोकांना वाटतं, स्वभाव गंभीर आहे, आत काहीतरी विचार चालू असतो. बायकोलाही लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं तसंच वाटलं. खरी गोष्ट एवढीच की, वीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी एक वाक्य बोलायला हवं होतं, ते बोललो नाही. त्यानंतर जे काही बोलावं ते त्या वाक्याच्या रांगेत घुसल्यासारखं वाटायचं. आधी त्याचा नंबर होता ना!

वैशाख आला की ते वाक्य घशाशी येतं. बाकीचं वर्ष बरं जातं. पावसाळ्यात तर मी हसतोसुद्धा. पण विडीसाठी तेंदूची पानं तोडायला सुरुवात झाली, बाया डोक्यावर गाठोडी घेऊन फडाकडे, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागेकडे निघाल्या, पुडे उन्हात पसरले, आणि त्या वाळत्या पानांचा कोमट, किंचित तुरट वास गावात शिरला, की मी गप्पच होतो. त्याच्या मागं मोहफुलांचा वास असतोच. मोह चैत्रात टपकून जातो, पण फुलं वाळवून घराघरात पोत्यांत भरलेली असतात. त्या पोत्यांचा वास गोड म्हणावा तर गोड नाही, आंबट म्हणावा तर तसाही नाही. नाकाला कळतं, पण नाव देता येत नाही. आणि या सगळ्यावर धूळ. आमच्याकडची वैशाखातली धूळ सकाळी जमिनीवर झोपलेली असते, दुपारी उन्हात दिसत नाही, आणि दिवस कलला की गुरांच्या खुरांबरोबर उठून माणसाच्या छातीइतकी उंच होते. सोन्यासारखी दिसते. लोक त्या वेळेला गोरज म्हणतात, शुभ मानतात, त्यावर लग्नं लावतात. मी त्या वेळेला खिडकी लावून घेतो.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. वडील लवकर गेले. मामांनी मला बालाघाटला आणलं, वाढवलं, नागपूरला बी.एस्सी.ला घातलं. मी पहिल्याच वर्षी नापास झालो. दुसऱ्यांदा बसलो, दुसऱ्यांदाही. मामा काही बोलले नाहीत. मामी मात्र माझ्या भातावर तूप वाढताना चमचा हवेत क्षणभर थांबवत. तूप पडायचं, पण त्या क्षणभरात माझे दोन्ही निकाल वाचून व्हायचे.

मामांचा इमारती लाकडाचा लहानसा धंदा होता. लढाईतल्या जीपगाड्या लिलावात निघाल्या होत्या, त्यांतली एक फिरत फिरत त्यांच्याकडे आली. तिला ताडपत्रीचं छप्पर होतं आणि त्या छपराला इतकी भोकं की आतून आकाशातले तारे मोजता यावेत. मामांच्या मनात होतं, ही जीप तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदाराला भाड्यानं द्यायची. त्या काळी तेंदूपत्ता ठेकेदारांकडे असे. त्यांचे मुनीम जंगलात फडाफडावर फिरत. मुनीम म्हणाला होता, "जीप तो ठीक है, मगर टप पे बत्ती चाहिए. जंगल का मामला है." गावात दुसऱ्या एकाची जीप होती, तिच्या टपावर दोन दिवे होते, आणि तो माणूस पानठेल्यावर उभा राहून त्या दिव्यांबद्दल असं बोले जणू त्याला दोन कमावते मुलगे आहेत.

मामांनी मला बोलावलं. म्हणाले, "सुध्या, तू विज्ञान शिकलास."

मी म्हणालो, "शिकलो नाही मामा, नापास झालो."

"नापास झाला म्हणून का सगळंच विसरला का रे? दिवे तू निवडाचे. कोणते, कसे, कुठं लावाचे, सगळं तू. उस्ताद संग येतीन. एक काम तरी धड कर."

हे शेवटचं ते सहज म्हणाले. जेवता जेवता माणूस मीठ मागतो तसं. पण मला ते जेवण संपेपर्यंत पुरलं.

उस्ताद म्हणजे फागूलाल. मामांचे ड्रायव्हर. पन्नाशीच्या अलीकडचे, उंच, वाळलेले, गळ्यात कबीरपंथी कंठी. मांस नाही, दारू नाही, विडीसुद्धा नाही. या मुलखात ड्रायव्हर असून मोहाची घेत नाही म्हटल्यावर लोक आधी त्याच्याकडे आणि मग गाडीकडे संशयानं बघत. उस्तादांचा एकच अभिमान होता. ते म्हणत, "कंठी गले में है तब तक हाथ सीधा है." त्यांच्या पंथातले लोक लांब लांबून त्यांना भजनाला बोलवत. गाडी चालवणाऱ्या माणसाला पंगतीत मानानं पुढं बसवतात, हे मी फक्त त्यांच्याच बाबतीत पाहिलं.

आता दिवे किती, यावर घरात बैठक बसली. बैठकीत मामी भाजी निवडत होत्या, म्हणजे निर्णय त्यांच्याकडे होता.

मामा म्हणाले, "तीन लावू."

"तीन? कोणतंही चांगलं काम तिनानं सुरू करते का कोणी?"

"मंग चार."

मामींनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "चौघं कायले लागते, माहीत आहे ना? गाडीवर तेच मांडून फिरा गावभर."

"बरं, दोन!"

"दोन तं त्या पानठेल्यावाल्याच्या जीपलेही आहेत. त्याच्याएवढेच लावाचे होते तं एवढा खटाटोप काहून?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. विज्ञानाकडे पाहतात तसं. मी म्हणालो, "पाच?"

"पाच चालतीन," मामी म्हणाल्या. "पंचारती राह्यते."

दारात उभे असलेले उस्ताद खाकरले. "मालिक, बैटरी छह वोल्ट की है. हेडलाइट अलग. पाँच और जलाओगे तो गाड़ी के पीछे पाँच आदमी भी रखो, धक्का देने को."

 मग मामांनीच मार्ग काढला. दिवे पाच लावायचे, तार चारांनाच जोडायची. मधला दिवा मुका. मामा मामींना म्हणाले, "चालते ना?"

मामी विचार करून म्हणाल्या, "देव दिवे मोजते. तारा नाही मोजत." आणि मेथी निवडायला लागल्या.

दिवे घ्यायला मी आणि उस्ताद छोट्या रुळांच्या आगगाडीनं गोंदियाला गेलो. ती गाडी इतकी हळू जायची की वाटेत उतरून आंबे पाडून परत चढणारे लोक होते. बाजारात मोटारच्या सामानाचं एक अंधारं, लांबोळकं दुकान होतं. दुकानदारानं एकेक दिवा कापडानं पुसून माझ्यासमोर ठेवला. एक दिवा प्रकाश भाल्यासारखा लांब फेकणारा. एक पंख्यासारखा पसरून टाकणारा. एकाची काच पिवळी, हळद लावल्यासारखी. आणि एक पांढऱ्या काचेचा, भोवती चकचकीत कडं, एवढा मोठा की त्यात माझं तोंड दिसत होतं, आणि तसं बरंही दिसत होतं. माझं मन तिथंच बसलं.

उस्तादांनी पिवळ्या काचेचा पसरट दिवा उचलला. म्हणाले, "ये दो, बस. बंपर पे, नीचे."

"पण मामांनी टपावर म्हटलंय."

"मालिक ने गाड़ी नहीं चलानी है, भैया."

मग त्यांनी जे केलं ते आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. दुकानाबाहेर जाऊन त्यांनी रस्त्यावरची ओंजळभर धूळ आणली. दुकानदाराला दार लोटायला लावलं. आधी दिवा बॅटरीला जोडून, पेटवून, माझ्या हातात गुडघ्याजवळ धरायला लावला आणि समोर धूळ फुंकली. धुळीच्या खालून पलीकडच्या भिंतीपर्यंत जमीन दिसत होती. कोपऱ्यात पडलेला एक खिळासुद्धा दिसला. मग तोच दिवा माझ्या डोक्यावर धरायला लावला, आणि पुन्हा फुंकली. समोर एकदम चुना मारलेली भिंत. खिळा नाही, जमीन नाही, दुकानदार नाही. दुकानदाराला शिंका मात्र आल्या, सात-आठ. दुकानात जमलेली गिऱ्हाइकं हसायला लागली.

उस्ताद शांतपणे म्हणाले, "ऊपर से तो भगवान देखता है, भैया. ड्राइवर को नीचे से देखना पड़ता है."

त्यांचं म्हणणं मला त्याच क्षणी पटलं. हे आज पहिल्यांदा लिहितोय. मला पटलं होतं. पण लोक हसत होते, माझ्या केसांत धूळ होती, हातात डोक्यावर धरलेला दिवा होता, आणि ड्रायव्हर मला शिकवत होता. मी खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं त्रिकोण काढला. उंची जितकी जास्त तितका प्रकाश लांब पडेल, कोन असा, अंतर तसं. दोनदा नापास झालेला माणूस त्रिकोण फार सुबक काढतो. सराव जास्त झालेला असतो. दुकानदार नाक पुसत म्हणाला, "पढ़े-लिखे आदमी की बात ही अलग है." झालं. परीक्षक मिळाला, पास करणारा. पांढरे, चकचकीत, भाल्यासारखे पाच दिवे बांधून घेतले.

परतीच्या प्रवासात उस्तादांनी ती पेटी मांडीवर घेतली होती, धक्का लागू नये म्हणून. नापसंत दिव्यांची एवढी काळजी! पसंत नसलेली सून आणतानाही लोक एवढी घेत नाहीत.

ताडपत्री काढून पत्र्याचा टप बसवला. त्यावर लोखंडी पट्टी, पट्टीवर पाच दिवे. गाडी चालली की टप मृदंगासारखा वाजायचा. मामींनी प्रत्येक काचेवर कुंकवाची बोटं उठवली, मुक्या दिव्यावर जरा जास्त. त्याला वाईट वाटू नये म्हणून असेल. मग भर दुपारी अंगणात दिवे लावून बघितले. शेजारीपाजारी जमले. उन्हात ते लागलेत की नाही हे कळत नव्हतं, म्हणून एक जण खुर्चीवर चढून काचेला हात लावून "गरम आहे, गरम आहे" असं ओरडून सांगत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमची पारख एवढीच झाली. दिवे उजेडात पास झाले.

अक्षय्य तृतीयेला मामांच्या एका स्नेह्याच्या मुलाचं लग्न होतं, किरनापूरच्या पुढच्या एका खेड्यात, गोरज मुहूर्तावर. नवरदेव आमच्या जीपमधून जाणार होता. ठेकेदाराचा तो मुनीमही तिथं पाहुणा म्हणून येणार, जीप बघणार, असं ठरलेलं. मामा सकाळीच पुढं गेले. जाताना मला म्हणाले, "मंडपाजवळ आले की लावा दिवे. मुनीमजीले दिसले पाहिजेत."

जीपमध्ये आदल्या दिवशी कोणाची तरी मोहफुलांची पोती वाहून नेली होती. पोती उतरली, वास उतरला नाही. पुढं उस्ताद चाक धरून, पलीकडे मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, आणि दोघांच्या मध्ये, गियरच्या दांडीवर तंगड्या पसरून, मी. दिव्यांचं बटण माझ्या गुडघ्यासमोर होतं. मागं पाच-सहा करवल्या, आणि त्यांची गाणी टपाच्या मृदंगावर.

गावाच्या शिवेवर पोचलो तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. डावीकडून गुरं परतत होती. त्यांनी उठवलेली धूळ रस्त्यावर अशी उभी होती की तिच्यातून बैलांची शिंगं तेवढी वाहत येताना दिसत. उजवीकडे बोडी होती, म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. वैशाखात तिच्यात पाणी उरत नाही, चिखल उरतो. समोर फर्लांगभरावर मंडप, वाजंत्री, खाटेवर बसलेली पाहुणे मंडळी.

उस्तादांनी गाडी बैलगाडीच्या चालीनं घेतली. पुढचे खालचे दिवे लावले. धुळीच्या बुडाशी रस्त्याची एक पट्टी दिसत होती, तिच्यावरून ते गाडी चालवत होते.

मी म्हणालो, "उस्ताद, टपावरचे लावू?"

"अभी नहीं. पहले ढोर निकल जाने दो."

"मंडप आला."

"मंडप कहीं नहीं जाता, भैया."

नवरदेव म्हणाला, "मुहूर्त जाते ना पण."

तेवढ्यात धूळ जराशी विरली आणि मला खाटेवरचा मुनीम दिसला. त्याच्या बाजूला मामा, आमच्याच दिशेनं बोट दाखवत. त्या बोटाकडे पाहून मी गुडघ्यासमोरचं बटण दाबलं.

उस्तादांना न विचारता. त्यांनी नाही म्हटल्यावर. मी.

गोंदियाच्या दुकानात उस्तादांनी ओंजळभर धूळ फुंकली होती. इथं सत्तर-ऐंशी गुरांनी फुंकली होती. समोर पांढरी भिंत उभी राहिली. रस्ता गेला, शिंगं गेली, मंडप गेला, गाडीचं नाकसुद्धा दिसेना. उस्तादांच्या हाताशी एवढाच हिशोब उरला की डावीकडे जिवंत जनावरं आहेत. त्यांनी चाक उजवीकडे फिरवलं. जीप एकदा उडाली, करवल्यांचं गाणं मधल्या ओळीवर थांबलं, आणि आम्ही अगदी हळू, जवळजवळ आदबीनं, बोडीच्या चिखलात जाऊन बसलो. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. नवरदेवाच्या मुंडावळ्या तेवढ्या कानामागे गेल्या होत्या. तो चिखलाकडे बघत म्हणाला, "भाऊ, इथंच उतराचं का?"

गाडी घसरत असतानाच मी बटण बंद केलं होतं.

हात आपोआप गेला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. हात आपोआप जात नाही. लावताना विचार केला नाही तेवढा बंद करताना केला.

लोक धावत आले. नवरदेवाला दोघांनी उचलून, पाय चिखलाला न लावता, देवाची मूर्ती नेतात तसा नेला. मुहूर्त गाठला, लग्न लागलं. मग सगळं गाव आमच्याकडे वळलं. मामा घामाघूम झालेले.

"उस्ताद, सरळ रस्ता सोडून बोडीत काहून घातली?"

"मालिक, ऊपर की बत्ती जली. दिखना बंद हो गया."

"मंग लावली काहून?"

"मैंने नहीं लगाई."

मामा माझ्याकडे वळले. "सुध्या, तू मधात बसला होता. कोणं लावली?"

आता त्या ठिकाणी 'मी' एवढंच म्हणायचं होतं. मराठीत याहून लहान शब्द फारसे नाहीत. मी म्हणालो, "मी समोर बघत होतो."

गर्दीत कोणीतरी जीपमध्ये डोकं घातलं आणि मोठ्यानं हुंगलं. "अरे, मोहाचा वास येऊन राह्यला!" हशा झाला. दुसरा म्हणाला, "कंठी दिवसाची, मोहाची सांजेची!" पुन्हा हशा. मी पोत्यांचं सांगू शकलो असतो. बटणाचं राहू द्या, निदान पोत्यांचं. तेही बोललो नाही. मला वाटलं, एक बोललो की दुसरं आपोआप बाहेर येईल.

मग मामा, ज्यांनी बारा वर्षं त्या माणसाच्या हाती बायकामुलांचा जीव दिला होता, ते मामा मुनीमाकडे एकवार बघून म्हणाले, "उस्ताद, तोंड उघडा."

उस्तादांनी मामांकडे पाहिलं. मग सगळ्या वऱ्हाडासमोर तोंड उघडलं. डॉक्टरसमोर लहान मूल उघडतं तसं. मामा पुढं वाकले, हुंगले, आणि गोंधळले. कारण मोहाचा वास जीपला होता, आमच्या कपड्यांना होता, मामांच्या अंगरख्यालाही आता लागला होता. काही ठरवता येईना. ते नुसते "हं" म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ गावानं आपापल्या सोयीनं घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद घरी आले, चावी ओसरीवर ठेवली. "मालिक, दूसरा आदमी देख लो." मामींनी पाणी दिलं. त्यांनी ते फार सावकाश प्यायलं. पेल्यात पाणी होतं तोवर मला वेळ होता. मी चटईच्या काड्या मोजत होतो. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग चपलांचा.

आता या सगळ्यावर देवानं जी थट्टा केली ती ऐका. मुनीमानं जीप घेतली! तो म्हणाला, "गाड़ी कीचड़ में गई, वो ड्राइवर का दोष. मगर बत्ती? मैं खाट पे बैठा था, मेरी घड़ी का काँटा दिख गया!" पूर्ण हंगाम जीप जंगलात फिरली. नव्या ड्रायव्हरनं ते दिवे एकदाही लावले नाहीत. तो त्यांना वळकटी टेकवून ठेवायचा. पण मामांचा मान वाढला. पानठेल्यावाल्यानं आपल्या जीपला सहा दिवे लावण्याची भाषा सुरू केली. मुनीमाच्याच ओळखीनं मला कचेरीत नोकरी लागली. मामा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सुध्या, पहिल्यांदा एक काम धड केलं तू." मामींचा तुपाचा चमचा त्या दिवसापासून थांबेनासा झाला. वीस वर्षं मी ते तूप खातोय.

उस्ताद उकव्याला गेले, खाणीवर पाण्याची गाडी चालवायला. त्यांच्याआधी त्यांचं नवं नाव तिथं पोचलं होतं. पंथातल्या लोकांनी भजनाला बोलावणं सोडलं असं मी ऐकलं. ऐकलं आणि जेवायला बसलो.

या पौषात मामा गेले. तेराव्याला जमलेल्या लोकांनी त्या दिव्यांची गोष्ट काढली, खूप हसले, मीही हसलो. मग लक्षात आलं की 'कोणं लावली' हे विचारणारा माणूस आता या जगात राहिला नाही. मी कायमचा सुटलो होतो. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

म्हणून परवा, कचेरीचं काही काम काढून, मी उकव्याच्या बसमध्ये बसलो होतो.

उतरून विचारलं, "फागूलाल उस्ताद कुठं राहतात?" पानवाल्याला कळेना. मग एकदम म्हणाला, "अच्छा, महुआ उस्ताद! सीधे जाइए, नीम के पास."

उस्ताद अंगणात खाटेवर बसले होते. केस पांढरे, बाकी तसेच. कंठी गळ्यात. बाजूच्या कुंपणाशी दोन म्हातारे खाणकामगार पत्ते खेळत होते. मी वाकून, कबीरपंथी करतात तसा नमस्कार केला, "साहेब बंदगी." त्यांनी मला ओळखलं. बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

वाक्य वीस वर्षं तयार होतं. हळूच म्हणालो, "उस्ताद, वो बत्ती मैंने जलाई थी."

त्यांनी कानामागे हात नेला. "क्या?"

"बत्ती. मैंने जलाई थी."

"ज़ोर से बोलो, भैया. कान गए मेरे. खदान में."

मी आवाज चढवला. इतकी वर्षं न वापरलेला आवाज. तो मध्येच फाटला. "उस्ताद! किरनापुर में, शादी में, बटन मैंने दबाया था!" पत्ते खेळणारे थांबले.

"और? गाड़ी में महक काहे की थी?"

"महुए के बोरे की! आपने पी नहीं थी!"

"क्या नहीं थी?"

"पी नहीं थी!" मी ओरडलो. समोरच्या घरातली बाई दारात आली. सायकलवरून जाणारा एक जण पाय टेकवून उभा राहिला. माझं तोंड लाल झालं होतं, घाम कॉलरमध्ये उतरत होता, आणि कचेरीतला मौनीबाबा भर वस्तीत हात वर करून सांगत होता की मी खोटारडा आहे, फागूलाल उस्तादांनी उभ्या जन्मात थेंब घेतलेला नाही, आणि त्यांचं तोंड हुंगलं जात असताना मी समोर उभा होतो.  कुंपणाजवळचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "सुना? मैं तो पहले से कहता था." दुसऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो काय म्हणत आला असेल ते मला कळलं.

सून चहा घेऊन आली. गोंदियाकडची, मराठी बोलणारी. कप माझ्या हाती देत हळूच म्हणाली, "भाऊजी, इतक्या जोरानं काहून बोलून राह्यले?"

"त्यांना ऐकू येत नाही ना."

"बाबूजीले?" ती हसली. "आतमध्ये मी दूध उतू घालवलं तं इथून ओरडतेत ते."

मी उस्तादांकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतून फुंकर घालत होते, चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. बशी अर्धी झाल्यावर त्यांनी रस्त्याकडे बघितलं. तिकडून एक पोक्त गृहस्थ आपल्या बैलाला घेऊन येत होता.

"वो पटेल अभी-अभी आ रहा है," उस्ताद म्हणाले. "उसने नहीं सुना. एक बार और."

मी कप खाली ठेवला आणि उभा राहिलो.